मोफत मुखदर्शन

मुंबईहून आलेल्या माणसाला आमच्या आजऱ्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय काय बघितलंसा?" मी सांगते, "तोंडं." समोरचा जरा थांबून विचारतो, "आणि समुद्र?" समुद्रही बघितला. पण तिथंही मी एका माणसाचं तोंडच बघत होते, त्यामुळं समुद्राकडं नीट लक्ष गेलं नाही.

मी तेहतीस वर्षं आरोग्यसेविका होते. निवृत्त झाल्यावर गावात कॅन्सर तपासणीची दोन शिबिरं भरवली. पहिल्याला सात जण आले, दुसऱ्याला चौघं, आणि त्या चौघांतले दोघं मांडववाले. ज्यांनी यायला हवं होतं त्या बायका गालात मिश्री धरून आपापल्या उंबऱ्यावरून बघत बसल्या. आमच्याच गल्लीतली आक्काताई गालावरची गाठ पदराआड झाकून वर्षभर भाकरी थापत राहिली. दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टरांच्या हातात दुखणं थांबवण्याच्या गोळ्यांपलीकडं काही उरलं नव्हतं. तिच्या बाराव्याला जेवणं चालू असताना मी ठरवलं, ज्यांना लोकांना बोलावणं जमतं त्यांच्याकडं जाऊन बघायचं.

एका प्रशिक्षणात डॉ. नीरजा भेटल्या होत्या. दातांच्या डॉक्टर, दवाखाना आणि घर दोन्ही गिरगावात, चार पिढ्या तिथल्याच. परळ-लालबागच्या काही बायकांना घेऊन त्या वस्त्यांमधून तपासण्या करतात. फोन केला तर म्हणाल्या, "चार दिवस या. शिकवण्यासारखं आमच्याकडे फारसं नाही, पण गंमत भरपूर आहे." मला वाटलं, विनयानं बोलतायत.

करी रोड

सकाळी डॉक्टरांच्या घरी कोबी आणि कोळंबीचं भानोलं खाल्लं. खरपूस भाजलेलं, वडीसारखं कापून दिलेलं. आमच्याकडं कोबीला एवढा मान कोणी दिला नाही. ते पोटात ठेवून आम्ही करी रोडला एका चाळीसमोर उतरलो. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर, आणि मध्ये ही तीन मजली चाळ, लग्नाच्या फोटोत चुकून आलेल्या पाहुण्यासारखी.

दारात शैलाताई आणि दत्ताराम हे जोडपं भेटलं, त्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारं. मूळचे मालवणकडचे, दत्तारामांचे वडील गिरणीत होते. शैलाताई दुपारपर्यंत पोळीभाजी केंद्रात राबतात आणि सुट्टी मिळेल तेव्हा डॉक्टरांसाठी घरोघर फिरून लोकांना तयार करतात. दत्तारामांचा टेम्पो आहे, त्याच्या टपावर भोंगा आहे, आणि त्यांचा आवाज असा की भोंगा केवळ शोभेला. गणपती मंडळाच्या सगळ्या घोषणा तेच करतात. मला म्हणाले, "सिस्टर, आपण बोलावलं ना, की माणूस अंघोळ अर्धी टाकून येतो."

पण शिबिर अडलं होतं. पेंटरनं दारावरच्या फळीवर 'मोफत मुख कर्करोग तपासणी' लिहिलं होतं आणि चाळीचे अध्यक्ष सावंत ते पुसायला लावत होते.

"मॅडम, समजून घ्या. चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. बिल्डरचा माणूस रोज चक्कर मारतो. दारावर कर्करोग वाचला तर त्याला वाटेल बिल्डिंगलाच झालाय."

"मग काय लिहायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीतरी शुभ लिहा."

पेंटरनं पुढचे दोन शब्द पांढऱ्या रंगानं बुजवले. 'मोफत मुख' तेवढं राहिलं. आता पुढं काय, म्हणून सगळे फळीकडं बघत राहिले. शेवटी अध्यक्षच म्हणाले, "दर्शन. दर्शन लिही. अर्थ तोच ना? तोंड बघायचं."

लालबागच्या हद्दीत 'मुखदर्शन' या शब्दाला काय वजन आहे हे मला ठाऊक नव्हतं. गणपतीत लांबूनच मूर्तीचं तोंड बघायचं असेल तर ती रांग मुखदर्शनाची. अर्ध्या तासात चाळीच्या दारापासून नाक्यापर्यंत माणसं उभी राहिली. गणपतीला सात महिने अवकाश होता, पण रांग दिसली की उभं राहायचं हे इथलं संस्कारात आहे. एका बाईच्या हातात जास्वंद आणि दूर्वा. एका आजोबांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि टोकन मागितलं. एक कुटुंब नालासोपाऱ्याहून कुठल्याशा लग्नाला आलं होतं, तेही मुलाबाळांसकट घुसलं.

"नवसाची लाईन वेगळी आहे का?" त्यातल्या गृहस्थांनी मला विचारलं.

"एकच लाईन आहे."

"आणि दर्शन कुणाचं?"

"तुमचंच," मी म्हटलं. त्यांनी हे वाक्य फार खोल अर्थानं घेतलं आणि मान डोलावली.

आत गेल्यावर ते डोळे मिटून, हात जोडून खुर्चीत बसले. डॉक्टर म्हणाल्या, "उघडा." त्यांनी डोळे उघडले. "डोळे नको, तोंड." तोंड उघडलं. गुटख्यानं गालाची आतली बाजू अशी आवळली होती की दोन बोटंही आत जात नव्हती. डॉक्टरांनी त्यांना आरसा दिला, बॅटरी मारून सगळं दाखवलं आणि परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. ते बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. पण माझ्यापाशी थांबून म्हणाले, "चिठ्ठीवर शब्द साफ लिहिलाय. बाहेर लिहिला असता तर मी रांगेत उभा राहिलो नसतो."

त्या सकाळी नऊ चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. जास्वंदवाल्या बाईला काही निघालं नाही. तिनं आणलेलं फूल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि नमस्कार करून गेली.

दुपारी वडापाव आले. दत्ताराम वडा बाजूला ठेवून पावाचा मऊ गाभा चहात बुडवून गिळत होते, एकाच बाजूनं.

"वडा नाही घेत?" मी विचारलं.

"आज संकष्टी."

"संकष्टीला पाव चालतो?"

"आमच्याकडे चालतो," असं म्हणून ते टेम्पोकडं गेले. त्या दिवशी संकष्टी नव्हतीच.

भोईवाडा

दुसरा दिवस बायकांचा होता. छातीची तपासणी मी करायची आणि घरी स्वतःची स्वतः कशी करायची ते शिकवायचं. तिथल्या एका चाळीतली रिकामी खोली मिळाली, पण दाराला पडदा नव्हता. तिथल्या मंडळाच्या पोरांनी मोठ्या उत्साहानं आपला एक फ्लेक्स आणून बांधला. कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा. मध्ये भाऊ, आणि भोवती शुभेच्छुक म्हणून चाळीसेक पुरुष, काही गॉगलमध्ये, सगळे थेट समोर बघणारे.

पहिली बाई आत आली, ब्लाउजच्या बटणाला हात घातला आणि थांबली.

"ह्यांच्यासमोर?"

"फोटो आहेत हो ते."

"त्यातला तिसरा माझा दीर आहे."

फ्लेक्स उलटा केला. मागची बाजू पांढरी, झकास. पण दहा वाजता गॅलरीत ऊन आलं आणि भाऊंसकट चाळीस जण आरपार दिसायला लागले, आता डावे-उजवे झालेले. बायका पुन्हा बाहेर. शेवटी एकीनं घरून टिकल्यांची पाकिटं आणली आणि सगळ्यांनी मिळून प्रत्येकाच्या डोळ्यांवर दोन-दोन टिकल्या लावल्या. भाऊंना मोठ्या, मरून रंगाच्या. ह्या कामात अर्धा तास गेला, पण तेवढ्यात बायका इतक्या हसल्या की एकमेकींना पुढं ढकलत आत यायला लागल्या. मी गावाकडं तेहतीस वर्षं पडदे लावले, पण पडदा लावताना कुणी हसलेलं आठवत नाही.

एका पंचविशीतल्या मुलीला गाठ लागली. मऊ, बोटाखाली सरकणारी. बहुतेक साधी असणार, पण तपासायला हवी होती. ती रडायला लागली तेव्हा शैलाताई तिच्याशेजारी बसल्या. "उद्या माझ्याबरोबर चल. केसपेपर मी काढते. खिडकी कुठची, लाईन कुठची, मला सगळं पाठ आहे. तू नुसती चल."

नंतर जिन्यात चहा पिताना त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, आसाममधून, बिहारमधून माणसं येऊन त्या हॉस्पिटलच्या फुटपाथवर झोपतात. आमची घरं दहा मिनिटांवर. आणि आमचा माणूस तिथे जातो तो शेवटचा. एक दिवस गेला की एक खाडा. आणि आत जाऊन कुणाला विचारायची लाज. इंग्लिश बोलतील, ओरडतील, ह्याची भीती. आजाराची नंतर."

"तुमच्या घरी तपासलं सगळ्यांना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मुलाला केलं. सासूला केलं. ह्यांना आठवड्यातून एकदा सांगते. म्हणतात, माझा आवाज ऐक, आजारी माणसाचा असा असतो काय?"

खाली दत्ताराम भोंग्यावर गर्जत होते, "माताभगिनींनी न घाबरता तपासणी करून घ्यावी!" मी कालचा पाव त्यांना सांगणार होते. सांगितलं नाही. नुसत्या अंदाजावर दुसऱ्याच्या घरात आग लावायची नाही, ही माझी नोकरीतली सवय. तिथं ती चुकली असं आता वाटतं.

मच्छीमार नगर

तिसऱ्या दिवशी दत्तारामांच्या टेम्पोतून कफ परेडला; शैलाताई कालच्या मुलीला घेऊन हॉस्पिटलात गेल्या होत्या. एका बाजूला काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी होड्या, जाळी, दोऱ्यांवर वाळणारे बोंबील. दहाची वेळ दिली होती. देवळासमोर टेबल मांडून बसलो. साडेअकरापर्यंत एक मांजर येऊन गेलं.

डॉक्टर उठून सुकवणीकडं गेल्या, मी मागोमाग. हिराबाई नावाची साठीची कोळीण वाळत पसरलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, उलटत होती. डॉक्टरांनी तिला तपासणीचं सांगितलं.

"मना येल नाय गो," ती मान वर न करता म्हणाली. "ऊन थांबल काय तुझ्या तपासनीसाठी?"

"आम्ही मदत केली तर?"

तिनं आमच्याकडं पहिल्यांदा बघितलं. मग जवळा उलटायच्या दोन फळ्या पुढं सरकवल्या.

पुढचा दीड तास आम्ही जवळा उलटला. कावळे टपलेलेच होते. ज्यांच्या गिरगावच्या दवाखान्यात तासभर आधी नंबर लावावा लागतो अशा डॉक्टरीणबाई हातात काठी घेऊन "हाड! हाड!" करत वाळूवरून धावत होत्या. दत्तारामांना राहवलं नाही. त्यांनी भोंगा सुरू केला, "कावळे बंधूंना विनंती आहे, त्यांनी शिस्त पाळावी!" कावळे खरंच उडाले. हिराबाई पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "ह्या भोंगेवाल्याला जेवाला घालते."

जेवायला भात, बोंबलाचं लालभडक कालवण आणि सुक्या जवळ्याची चटणी. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, पण हात थांबेना. दत्तारामांनी ताट पुढं सरकवलं आणि नुसता भात घेतला.

"मालवनी मानूस बोंबील नको म्हनतो?" हिराबाईनं विचारलं.

"पोट भरलंय."

"कशानं भरलंय?"

चाळीस वर्षं मासळी विकलेल्या बाईपुढं गिऱ्हाइकाचं खोटं टिकत नाही. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. अब्रूचा प्रश्न झाला, म्हणून दत्तारामांनी कालवणाचा एक घास तोंडात घातला. पुढच्या क्षणी गाल धरून ते वाकले. डोळ्यांत पाणी, पण ते तिखटाचं नव्हतं. मी उठेपर्यंत हिराबाई त्यांच्यापर्यंत पोचली होती. तिनं एका हातानं त्यांची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचा अंगठा गालफडात घातला आणि तोंड उन्हाकडं वळवलं. बाजारात मासा ताजा आहे का ते कल्ले उघडून बघतात, अगदी तसं.

तिनं बघितलं. हात सोडला.

"डॉक्टरनी," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्याचा बघ."

दत्ताराम झटक्यात उठले, तरातरा टेम्पोत जाऊन बसले आणि काचा वर केल्या. आम्ही मागं निघालो, तोच टपावरच्या भोंग्यातून त्यांचा आवाज आला. कावळ्यांच्या भानगडीत माईक चालूच राहिला होता, आणि त्यांनी शैलाताईंना फोन लावला होता.

"शैला... ऐकतंस? माका भय वाटता." सगळ्या सुकवणीवर, होड्यांवर, देवळापर्यंत ऐकू जात होतं. "दोन म्हयने झाले. गालात फोड आसा, भरत नाय. तुका सांगूक नाय. ... आगो, रडा नको. ... माझ्याच गाडीतून किती लोकांका त्या हॉस्पिटलात सोडलंय मी. परत हाडलंय ते कमीच."  मग, "माझो आवाज गेलो तर मी कोण, शैला?"

जाळी शिवणारे हात थांबले होते. एक पोरगा हसला, तर हिराबाईनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. मी तिथं उभी होते. आक्काताईचा पदर मला आठवत होता, आणि कालची माझी गप्प बसायची सवयही.

हिराबाई टेम्पोपाशी गेली आणि काच वाजवली. "भाऊ. भोंगा चालू हाय."

आतला चेहरा पांढराफटक पडला. खट्‌ आवाज होऊन सगळं शांत झालं. मला वाटलं, आता हा माणूस गाडी सुरू करून निघून जाईल. हिराबाई मात्र वळली, थेट देवळासमोर आमच्या टेबलापाशी गेली, खुर्चीत मांडी ठोकून बसली आणि तोंड उघडलं. मग मिटून, टेम्पोकडं बघून ओरडली, "पयली मी, मंग तू. ये!"

डॉक्टरांना जवळ्याचे हात धुवायलाही धड वेळ मिळाला नाही. हिराबाईच्या मागं तिची सून, सुनेच्या मागं शेजारीण, मग जाळीवाले पुरुष. सकाळी मांजराशिवाय कुणी न आलेल्या टेबलापुढं गर्दी झाली. आणि शेवटी दत्ताराम आले, कुणाकडंही न बघता. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. बॅटरी बंद केली.

"तुकडा काढून तपासायला लागेल, दत्ताराम. उद्याच."

"आवाज?"

"गालात आहे, घशात नाही. लवकर आलात तर आवाजाला काही होणार नाही. किती लवकर आलात ते उद्या कळेल."

परळ

सकाळी हॉस्पिटलच्या फाटकाशी आम्ही अकरा जण होतो. अध्यक्ष सावंत इस्त्रीचे कपडे घालून, हातात नारळ. पेंटर. चाळीतले चौघं. शैलाताई, त्यांचा मुलगा, मी. आणि कफ परेडहून टॅक्सीनं आलेली हिराबाई, टोपलीसकट.

वॉचमननं हात आडवा केला. "पेशंटबरोबर एकच माणूस."

"मी अध्यक्ष आहे," सावंत म्हणाले.

"कशाचे?"

"चाळीचे."

"चाळ पेशंट आहे का?"

"पेशंट हे आहेत. पण ह्यांची काळजी चाळ घेते."

वॉचमन हिराबाईकडं वळला. "मावशी, तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मी त्याचा कल्ला बघितला."

त्याला काहीच कळलं नाही, पण तिच्या सुरात असं काही होतं की त्यानं टोपली बाहेर ठेवायला सांगून तिला आत सोडलं. शैलाताई गेल्या, आणि जुनं ओळखपत्र दाखवून मीही. नारळ बाहेर राहिला. तो सावंतांनी फाटकासमोर फोडला आणि फुटपाथवर बसलेल्या एका बिहारी कुटुंबात वाटला. त्यांनीही बाहेरच्या मंडळींना चणे दिले, हे मला नंतर कळलं.

आत शैलाताईंची गंमत बघावी. कुठल्या खिडकीवर कुठला कागद, कुणाला 'साहेब' म्हणायचं, कुणाला 'दादा', सगळं त्यांना येत होतं. वाटेत दोन परक्या बायकांनाही त्यांनी योग्य रांगेत लावून दिलं. पण हातातली फाईल पुन्हापुन्हा उघडून त्या तोच एक कागद बघत होत्या. दत्ताराम बाकावर बसले होते.  हिराबाई त्यांच्या शेजारी.

दाराशी नाव पुकारलं. ज्या माणसानं बोलावलं की लोक अंघोळ अर्धी टाकून येतात, त्याच्या तोंडून 'हजर' निघेना. दुसऱ्यांदा पुकारलं.

"आहे," शैलाताई म्हणाल्या. "आहे हो, इथेच आहे." आणि दंडाला धरून त्यांना आत घेऊन गेल्या.

पुन्हा घरी

मी त्याच संध्याकाळी निघाले. रिपोर्ट आला तेव्हा गावात होते. होता तोच आजार, पण पहिल्या पायरीवरचा. गालातला भाग काढून टाकला, मानेपर्यंत पसरलेलं नव्हतं. भोईवाड्याच्या मुलीची गाठ साधी निघाली.

मी आल्यावर शिबिर भरवलं नाही. पिठाच्या गिरणीत जाऊन बसले. दळण होईपर्यंत बायकांना तिथं बसावंच लागतं, आणि मी त्यांच्या पिशव्या धरायला, चाळण मारायला लागले. पहिल्या दिवशी तिघींनी तोंड उघडलं. आठवड्यानं गिरणीवाल्यानं तक्रार केली की दळण नसतानाही बायका येऊन बसतात. फळी मी लावलेली नाही. लावायची झाली तर काय लिहावं हे अजून ठरलेलं नाही.

परवा शैलाताईंना फोन केला. दत्तारामांना दोन आठवडे बोलायची बंदी होती, त्यातले बारा दिवस झाले होते. "फोन त्यांच्या कानाला लावते," त्या म्हणाल्या. "टेबलावर एकदा वाजवलं की हो, दोनदा की नाही."

"दुखतंय का?" मी विचारलं.

टक. टक.

"जेवण जातंय?"

टक.

"आणि तंबाखू? कायमची सुटली?"

टक. फारच चटकन.

"खोटा!" शैलाताई मागून कडाडल्या. "सकाळीच गादीखाली डबी गावली! वास घेतंत, वास!"

टेबलावर काही वाजलं नाही.  मग खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं, गॅलरीचं दार. तीन मजले खाली पत्र्यावर काहीतरी खणकन आपटलं, आणि खालून कुणीतरी ओरडलं, "कोण रे तो? डोकं फुटलं असतं ना माझं!"

"सॉरीऽऽ!"

जरा जड, एका गालातून आलेला, पण अख्ख्या चाळीला पुरेल एवढा. मला तो फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बोलू नका म्हटलंय ना डॉक्टरनी!" शैलाताई ओरडल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते फोनवरून मला कळलं नाही. पावलं टेबलापाशी परत आली.


टक.